दुकानावरचं घर

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना साठेक किलोमीटरवर नेवासा फाटा लागतो. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते मूळ नेवासं आत, प्रवरेच्या काठी. फाटा वाढला तो हमरस्त्यामुळे. हॉटेलं, टायरवाले, कृषी सेवा केंद्रं, मोबाइल, फर्निचर, आणि बऱ्याच दुकानांच्या वर नाहीतर मागे दुकानदाराचा संसार. १८ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, एकच्या सुमारास, या फाट्यावरच्या एका फर्निचरच्या दुकानाला आग लागली. वर घरातली माणसं झोपलेली होती. नवरा-बायको, त्यांची शाळेत जाणारी दोन मुलं आणि वयोवृद्ध आजी. पाचही जण गेले. गुदमरून.

दुसऱ्या दिवशी पेपरात ‘शॉर्ट सर्किटचा अंदाज’ असं छापून आलं. हळहळ झाली, दहा दिवसांच्या आत गणपती आले, आणि जिल्हाभर दुकानं नेहमीसारखी रात्री खाली शटर ओढून बंद होत राहिली. वर माणसं झोपत राहिली.

ही एकट्या नेवाशाची गोष्ट असती तर तिला अपघात म्हणून सोडून देता आलं असतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांतल्या बातम्या एकाखाली एक ठेवून पाहाव्यात. ३० ऑगस्ट २०२३, पिंपरी-चिंचवडमधलं चिखली. हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग, आणि दुकानातच राहणारे आई-वडील आणि दोन मुलगे गेले. ३ एप्रिल २०२४, छत्रपती संभाजीनगरची छावणी. खाली शिलाईचं आणि कापडाचं दुकान, वर बिऱ्हाडं. पहाटे चारच्या सुमारास लागलेल्या आगीचा धूर वर गेला आणि सात माणसं गुदमरून गेली. ६ ऑक्टोबर २०२४, मुंबईत चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी. पुन्हा खाली दुकान, वर घर, पुन्हा पहाट, आणि एकाच कुटुंबातले सात जण. १८ मे २०२५, सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या कारखान्याच्या आवारातच मालकाचं आणि कामगारांचं राहणं, पहाटेची आग, आठ मृत्यू, त्यात दीड वर्षाचं पोर.

गावं वेगळी, धंदे वेगळे, जाती-धर्म वेगळे. घराची रचना मात्र तीच आणि वेळही तीच. मालानं भरलेली जागा खाली, माणसं वर नाहीतर आतच, बाहेर पडायला एकच वाट, आणि ती वाट मालातून जाणारी. मला यात दैवाचा भाग फार थोडा दिसतो. हे बांधकाम आहे, आणि बांधकाम बदलता येतं.

आपल्याकडे आगीची भीती म्हणजे ज्वाळेची भीती. म्हणून पाण्याची बादली आठवते आणि धूर विसरला जातो. घरातल्या आगीत बहुतेक माणसं भाजण्याच्या आधी धुरानं जातात, आणि हे कसं घडतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी खबरदारी त्यावर उभी आहे. फर्निचरच्या दुकानात काय असतं? प्लायवूड, सनमायका, चिकटवायचं सोल्यूशन, पॉलिश, थिनर आणि फोम. सोफ्यातला आणि गादीतला फोम हा पॉलियुरेथेनचा. तो जळताना काळा, दाट धूर सोडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो. झोपलेला माणूस त्यानं जागा होत नाही, उलट त्याची गुंगी वाढते. ‘वास आला की जाग येईलच’ हा भरवसा खोटा आहे. झोपेत नाक आपल्यासाठी पहारा देत नाही.

आणि धूर गरम, म्हणून वर चढणारा. आतला जिना उघडा असला की तो साखर कारखान्याच्या धुराड्यासारखं काम करतो. खालची जागा पेटली की सगळा धूर त्या एका पोकळीतून वरच्या खोल्यांत ओढला जातो. म्हणजे पळायची वाट आणि धुराची वाट एकच. दुकानावरच्या घरात वेळ हातात का राहत नाही, त्याचं कारण हे.

वेळेबद्दल एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेनं दोन दिवाणखाने शेजारी शेजारी उभे करून पेटवले. एकात जुन्या पद्धतीचं लाकडी, सुती, कापसाचं सामान. दुसऱ्यात आजचं, फोम आणि कृत्रिम धाग्यांचं. खोलीतलं सगळं एकदम पेट घेतं त्या क्षणापर्यंत पोचायला जुन्या खोलीला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. नव्या खोलीला चार मिनिटंही लागली नाहीत. आजीच्या काळातल्या घरात आग दिसल्यावर दागिन्यांचा डबा काढून बाहेर पडायला वेळ होता. आजच्या घरात तो नाही. नगरहून, श्रीरामपूरहून, अगदी जवळच्या साखर कारखान्यावरून बंब निघाला तरी चार मिनिटांत तो कुठल्याही फाट्यावर पोचणार नाही. त्यात बंबवाल्यांचा दोष नाही. पहिली चार मिनिटं घरातल्या माणसांचीच असतात.

नगर शहराच्या जुन्या पेठांत फिरताना ही रचना पावलोपावली दिसते. कापड बाजार, डाळ मंडई, चितळे रस्ता. वाडे पडले, त्यांच्या जागी अरुंद तीनमजली इमारती उभ्या राहिल्या. तळमजल्यावर गाळा, त्याच्या वर गोदाम, त्याच्या वर घर. जुन्या वाड्याला पुढचा दरवाजा होता तसं परसदारही होतं. न्हाणीघराकडून, गोठ्याकडून, मागच्या बोळात उघडणारं. त्याची सोय भांडीवालीसाठी आणि जनावरांसाठी होती, पण आगीच्या वेळी तीच दुसरी वाट होती. गाळ्याचं भाडं चौरस फुटावर आलं तसं परसदार बुजलं. मागच्या बोळावर पत्रा पडला, त्याखाली रिकामे खोके गेले. आता पुढे शटर, मागे भिंत.

शटरचा विचार वेगळा करायला हवा. लोखंडी शटर आतून उचलायला जड, त्याचं कुलूप बाहेरून, आणि ते मोटारीवर चालणारं असेल तर वीज गेली की जागच्या जागी बसतं. आगीत वीज बहुधा जातेच. ज्या घराची बाहेरची एकमेव वाट शटरमधून आहे, त्या घराला रात्री वाट नाहीच असं धरावं. शटरमध्येच माणूस वाकून निघेल असं छोटं, आतून कडी लागणारं दार बसवून मिळतं. मोटारीच्या शटरला हातानं फिरवायचा दांडा असतो, तो कुठे टांगलाय हे घरातल्या प्रत्येकाला अंधारात माहीत असलं पाहिजे. पण खरा उपाय म्हणजे घराचा जिना दुकानाबाहेरून. बाजूनं लोखंडी गोल जिना लावला तरी चालेल. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान आतल्या जिन्याच्या तोंडाशी घट्ट बसणारं, भक्कम लाकडी दार लावावं आणि झोपताना ते लोटून घ्यावं. बंद दारानं आग विझत नाही, पण धूर अडतो, आणि अडलेली काही मिनिटं हाच सगळा हिशेब आहे. झोपायच्या खोल्यांची दारंही रात्री लोटलेली बरी.

दुकानदारांशी या विषयावर बोलायला बसलं की गाडी दोन मिनिटांत चोरीवर येते. ग्रिल कशाला? चोर. गच्चीच्या दाराला कुलूप कशाला? चोर. मागचं दार का बुजवलं? चोर. ही भीती खोटी नाही. रोकड, माल, लेकी-सुना घरात असतात. पण याच नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, जिथे घरांना दारं न बसवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. त्या गावाची श्रद्धा बाकीच्यांनी उचलावी असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की कुलपाचा विचार करताना आपण बाहेरून आत येणाऱ्याचाच करतो, आतून बाहेर जाणाऱ्याचा करत नाही. खिडकीचं ग्रिल काढून टाकायची गरज नाही. गावातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याचा एक भाग कापून बिजागऱ्या आणि आतून कडी लावून घेता येते. माणूस खांद्यांसकट बाहेर निघेल एवढा भाग. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली त्याच खिडकीजवळ खिळ्याला, बाहेरून हात पोचणार नाही पण आतून लहान मुलाचा पोचेल अशी. कपाटात, मालकाच्या उशाखाली, देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवलेली किल्ली धुरात सापडत नाही.

गच्चीचंही तेच. पेठेतल्या घरांच्या भिंती एकमेकींना लागलेल्या असतात. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पाय टाकता येतो, पापड-कुरडयांच्या दिवसांत बायका तसंच येत-जात होत्या. ही वाट फुकट मिळालेली आहे. मधल्या कठड्यावर काचा रोवण्याआधी, तारा ओढण्याआधी शेजाऱ्याशी एकदा बोलावं. मात्र एक सांगून ठेवतो, जिना धुरानं भरला असेल तर गच्चीच्या आशेनं त्यात शिरू नये. वर चढणारा माणूस धुराबरोबरच चढत असतो.

आता त्या ‘शॉर्ट सर्किट’बद्दल. प्रत्येक आगीनंतर हा शब्द येतो आणि चौकशी तिथेच थांबते, जणू वीज आपणहून बिघडली. वायरिंगची आग बहुधा वर्षानुवर्षं शिजत असते. वीस वर्षांपूर्वी दोन ट्यूबलाइट आणि एका पंख्यासाठी ओढलेली वायर. तिच्यावर आधी फ्रीज आला, मग दुकानाच्या बोर्डाचे दिवे, मग वरच्या घरातला गिझर, मग एसी. दोन हजार वॅटचा गिझर साधारण नऊ अँपिअर ओढतो. वायरमधून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात तयार होणारी उष्णता चौपट होते. बाहेरून काही दिसत नाही. आतलं वेष्टण मात्र सुकत जातं, कडक होतं, तडकतं. त्यात फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी जाड तांब्याची तार पिळून बसवलेली असते. फ्यूज उडणं हा त्रास नव्हता, तो इशारा होता. जाड तारेनं त्याचं तोंड बांधलं.

एमसीबी बसवली म्हणजे सगळं झालं असंही नाही. जादा भार आला किंवा तारा एकमेकींना भिडल्या तर ती पडते. पण स्क्रू सैल झालेला सॉकेट, नुसतं पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड, यांत ठिणगी उडत राहते आणि एमसीबीला ते कळत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. हाताला कोमट लागणारा स्विच, पिवळी पडलेली पिन, मिणमिणणारा दिवा, जळक्या प्लास्टिकचा वास आल्यासारखं वाटणं, या खुणा दिसल्या की त्याच दिवशी वायरमनला बोलवावं, सणानंतर नाही. जमिनीत जाणारी किंवा अंगावर येणारी गळती पकडायला आरसीसीबी लागते. घरासाठी ती ३० मिलिअँपिअरची घ्यावी आणि तिच्यावरचं ‘टेस्ट’चं बटण अधूनमधून दाबून पाहावं.

दुकानावरच्या घरासाठी सगळ्यात स्वस्त उपाय माझ्या मते हा आहे. दुकानाची आणि घराची वायरिंग वेगळी, बोर्ड वेगळे, आणि दुकान बंद करताना गल्ल्याला कुलूप लावतो तसा दुकानाचा मेन खाली पाडायचा. फ्रीजर आणि कॅमेरा यांच्यापुरती एक वेगळी लाइन ठेवावी. ज्या तारेत वीज नाही ती रात्री पेटत नाही. इन्व्हर्टर, त्याची बॅटरी आणि बॅटरीवरच्या स्कूटरचं चार्जिंग जिन्याखाली किंवा दारात नको. नेमकी तिथेच ती असतात, कारण तीच जागा रिकामी सापडते. स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावून सगळ्यांनी झोपून जाणं बंद झालंच पाहिजे.

दिवाळीत हे सगळं एका जागी गोळा होतं. धनत्रयोदशी-पाडव्यासाठी माल भरला जातो आणि जागा पुरत नाही म्हणून खोके जिन्यावर येतात, एका पायरीवर एक. वर्षभर जी वाट निदान अरुंद होती ती या पंधरा दिवसांत बुजते. वर आकाशकंदिलाची वायर खिडकीच्या फटीतून दाबून नेलेली, माळा एकाला एक जोडत शेवटी एकाच पिनेत, पडद्याजवळ पणती. रॉकेट कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या कडब्याच्या गंजीवर पडेल याचा नेम नाही. पणतीला ताटली आणि मोकळी जागा द्यावी, माळा झोपताना बंद कराव्यात, गच्चीवर वाळलेलं काही ठेवू नये. यात आनंद कुठेच कमी होत नाही.

आणि फराळ. चकली, शेव, शंकरपाळे, तासन्‌तास तापलेली कढई. तेलानं पेट घेतला तर त्यात पाणी टाकायचं नाही. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करायचा, कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवायची आणि ती थंड होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. पेटती कढई उचलून मोरीकडे धावणाऱ्या बाईच्या अंगावर ते तेल येतं. परात ओट्यावर, हाताशी काढून ठेवूनच तळणाला बसावं. अंगात सुती कपडा, पदर खोचलेला, नायलॉनचा गाऊन नकोच. कपड्यानं पेट घेतला तर धावायचं नाही. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, आजूबाजूच्यांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकायची. भाजलेल्या जागेवर वाहतं गार पाणी, पुरी वीस मिनिटं. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आधी काढायच्या. हळद, टूथपेस्ट, तेल, शाई, बर्फ यांतलं काही लावायचं नाही. हे प्रत्येक घरात कुणीतरी लावायला धावतंच, प्रेमापोटीच, पण जखम त्यानं बिघडते.

गॅसबद्दल थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. वास आला की स्विच चालूही करू नये आणि बंदही करू नये, दोन्हींत ठिणगी असते. रेग्युलेटर बंद करून बाहेर पडावं आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करावा. नारिंगी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्याहून उंच ओट्यावर. उज्ज्वला योजनेनंतर वाडीवस्तीवर सिलिंडर पोचला, पण ओटा पोचला नाही. कित्येक घरांत शेगडी आणि सिलिंडर दोन्ही जमिनीवर, आणि हातभर अंतरावर पेटती चूल. तीन विटांचा का होईना, ओटा करून घ्यावा.

दिवाळी सरली की या जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी पेटतात. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना जिथे उभा राहिला ते प्रवरानगर याच जिल्ह्यातलं. हंगामाबरोबर पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि शेजारच्या बीडहून ऊसतोड कामगार फडाकडे निघतात आणि त्यांच्या कोप्या पडतात. बांबूचा सांगाडा, त्यावर चटया, पाचट, प्लास्टिकचा कागद. पेट घ्यायला याहून तयार घर नाही. भाकरी पहाटे अंधारात होते, दारातल्या चुलीवर, मग आई-बाप फडात जातात आणि लेकरं कोपीत झोपलेली राहतात. इथे भिंतींना, ग्रिलना, शटरना जागाच नाही, तरी गोष्ट तीच आहे. एकच तोंड, आणि त्या तोंडाशी विस्तव.

कोपीला मागच्या अंगालाही तोंड ठेवायला पैसे लागत नाहीत, फक्त एका बाजूची चटई न शिवता नुसती लोंबती ठेवावी लागते. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कोपीपासून दहा पावलांवर, आणि भाकरी झाली की तिच्यावर पाणी किंवा माती. एका कोपीला दुसरी खेटून नको, मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर हवं. हे मुकादमानं जागा आखतानाच करायचं काम आहे. आणि पाण्याच्या टाक्या, दिवे, तळावर दिवसा लेकरांकडे पाहणारं कुणीतरी, हे कारखान्यांनी करायचं आहे. ज्या कारखान्याकडे फडातला ऊस पेटला तर धाडायला बंब आहे, त्याला माणसांच्या तळासाठी चार टाक्या आणि वाळूच्या बादल्या जड नाहीत. कोपीचं दार बाहेरून बांधून जाणं कुत्र्यांच्या भीतीनं होतं, हे मला कळतं. पण ते थांबवायलाच हवं, आणि पर्याय दिल्याशिवाय ते थांबणार नाही.

या जिल्ह्याला आगीनं शिकवायचं ते एकदा फार मोठ्या किमतीवर शिकवलेलं आहे. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. जिल्हा रुग्णालयातल्या कोविडच्या अतिदक्षता विभागात सकाळी आग लागली. आत १७ रुग्ण होते. त्याच दिवशी अकरा जण गेले. जागेवरून उठता न येणारी, श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असलेली माणसं. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली होती, एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात कोविडचे रुग्ण. राज्यभर फायर ऑडिट हा शब्द घुमत होता आणि तरीही भाऊबीजेची ती सकाळ उगवली. चौकशी झाली, निलंबनं झाली. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांची भाऊबीज कायमची बदलली.

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. इमारतीतली अग्निसुरक्षा चालू ठेवायची जबाबदारी त्यानं मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आहे. बसवलेली यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. रुग्णालय, मंगल कार्यालय, शाळा, मोठी इमारत यांच्या बाबतीत नागरिकांनी ते मागितलं पाहिजे, दर्शनी भागात लावायला लावलं पाहिजे. पण फाट्यावरचं दुमजली दुकान-घर या कायद्याच्या रोजच्या नजरेत फारसं येत नाही. नगरपंचायतीकडे माणसं किती, आणि ती जातील किती ठिकाणी? म्हणून मला वाटतं, हे काम व्यापारी असोसिएशननं उचलावं. दिवाळीच्या आधी बाजारपेठेतली एक-एक गल्ली घेऊन, वायरमन आणि फॅब्रिकेशनवाला बरोबर घेऊन, ज्या ज्या दुकानावर माणसं झोपतात तिथे तीन गोष्टी पाहाव्यात. जिना मोकळा आहे का, रात्री मेन पडतो का, आणि दुसरी वाट कुठे आहे. गणेश मंडळांकडे पोरं आहेत, शिड्या आहेत, उत्साह आहे. त्यांनी हे हाती घेतलं तर प्रत्येक गावात होईल.

धूर ओळखणारी छोटी घंटी, स्मोक अलार्म, बॅटरीवर चालते, छताला दोन स्क्रूंनी बसते. किंमत बेताची, एका फटाक्याच्या पेटीएवढी. अमेरिकेत जिथे ती चालू स्थितीत होती अशा घरांतल्या आगींमध्ये मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आढळलं. आपल्याकडे ती मोठ्या हॉटेलांत दिसते, घरात नाही. एक दुकानात जिन्याच्या तोंडाशी आणि एक वर झोपायच्या खोल्यांबाहेर बसवावी. स्वयंपाकघरात नको, फोडणीला वाजत राहील आणि मग कुणीतरी तिची बॅटरी काढून ठेवील. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐकायचा, मुलांकडून हे काम आवडीनं होतं.

आणि मग एका रविवारी, दिवाळीला सगळे घरी जमलेले असतात तेव्हाच, घरातल्या सगळ्यांनी वाट चालून पाहायची. दिवे घालवून. आजोबांना उठवायचं कुणी, धाकट्याला उचलायचं कुणी, ग्रिलची कडी अंधारात लागते का, ती गंजलीय का. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं. गरम लागलं तर उघडायचं नाही. धुरात उभं राहून चालायचं नाही, भिंतीच्या कडेनं रांगत जायचं, कारण बरी हवा जमिनीलगत उरते. ओला रुमाल तोंडाला धरला तर काजळी आणि धग थोडी कमी होते, पण कार्बन मोनॉक्साइड त्यानं गाळला जात नाही. त्यामुळे रुमाल भिजवायला मोरीकडे वळून मिनिट घालवू नये. वाट बंदच असेल तर रस्त्याकडच्या खोलीत जायचं, दार लावायचं, फटीत चादर कोंबायची, खिडकी उघडून ओरडायचं, मोबाइलचा दिवा हलवायचा. खाली मंडपवाल्याची शिडी पाच मिनिटांत येते, पण खिडकीत माणूस आहे हे दिसलं पाहिजे. उडी हा शेवटचा इलाज. ती टाकावीच लागली तर खिडकीबाहेर लोंबकळून, हात सोडून. पहिल्या मजल्याची उंची त्यानं माणसाच्या लांबीएवढी कमी होते.

बाहेर पडल्यावर जमायची जागा आधी ठरलेली हवी. समोरचा पार, कोपऱ्यावरचं मंदिर, पाण्याची टाकी. तिथे माणसं मोजायची. फोन बाहेर येऊनच करायचा, १०१ किंवा ११२. नुसतं ‘आग लागली’ म्हणू नये. गावाचं नाव, फाटा, जवळची खूण, खाली कशाचं दुकान आहे आणि वर माणसं आहेत का, हे सांगावं. एकानं मोटरसायकल घेऊन हमरस्त्यावर जाऊन उभं राहावं, म्हणजे बंब आतल्या रस्त्यावर चुकत नाही. महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्यावी, तोवर पाणी मारू नये. गाई-म्हशींचे दावे तोडून द्यावेत, सोडत बसू नये.

एकदा बाहेर आलेल्या माणसानं पुन्हा आत जायचं नाही, पैशासाठी नाही, कागदासाठी नाही. कुणी आत राहिलं असेल तर ते बंबवाल्यांना सांगायचं. कोण आहे, कुठल्या खोलीत झोपतं, खिडकी कुठली, ग्रिल उघडतं की नाही, आणि सिलिंडर कुठे आहे.